पडीक जीप लागवडीखाली कशी आणावी

वडगाव निंबाळकर व पंचक्रोशीतील बागायतदारांसाठी, विशेषतः ज्यांचा ऊस गेला आहे आणि बिलही जमा झालं आहे अशांसाठी, ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचं बिल अजून यायचं आहे त्यांनी ती वाचून ठेवायला हरकत नाही, पण घरात मोठ्यानं वाचू नये.

प्रथम वाणाची निवड. आपल्या भागात जुन्या गाडीचे दोन वाण आढळतात. पहिला फियाट. या वाणावर बारामती-इंदापूरकरांचा थोडा हक्कच आहे. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्यांनी साखर कारखाना काढला आणि ज्यांच्या नावानं पुढे वालचंदनगर वसलं, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली आणि पुढे फियाट ११०० आली. तिचं पन्नाशीच्या दशकातलं गोलगरगरीत मॉडेल म्हणजे ‘डुक्कर फियाट’, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. ती मिळाली तर नशीब समजावं. परंतु फियाट ही डॉक्टरांची, वकिलांची आणि कारखान्यातल्या मोठ्या साहेबांची गाडी. ती शेडमध्ये राहिली, तिच्यावर कापड पांघरलं गेलं. पडीक म्हणावी अशी अवस्था तिच्या वाट्याला क्वचितच आली.

म्हणून खरा वाण जीप. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. बॉनेट उंच असण्याचं कारण रुबाब हे नव्हे. त्या पेट्रोल इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि पत्रा वर उचलावा लागला. अमेरिकेनं हे मॉडेल १९६८ मध्ये बंद केलं. आपण एवढ्या घाईनं कुठलीच गोष्ट बंद करत नाही.

मात्र कंपनीनं दिली तशी जीप आपल्याकडे शोधू नये, मिळणार नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलं. वडापला लागली तेव्हा मागची बॉडी लांबली आणि समोरासमोर बाकडी आली. कारखान्याच्या इलेक्शनला टपावर भोंग्यांसाठी अँगल वेल्डिंग झाला, तो नंतर कोणी काढला नाही, कारण पुढचं इलेक्शन येणारच होतं. वरातीसाठी कडेनं पाइप लागला. बॉनेटवर ‘जय मल्हार’ आलं. हल्लीची पोरं याला कस्टम गाडी म्हणतात आणि डबवालीहून तयार उघडी जीप मागवतात. तिकडची जीप दिसायला देखणी, पण बरेचदा चार गाड्यांचे अवयव आणि पाचवीचे कागद असा तिचा गोतावळा असतो. इच्छुकांनी त्या वाटेला जाऊ नये. आपल्या गोठ्यामागे जी आहे तिचा गोतावळा निदान ओळखीचा असतो.

आता शोध. पडीक जीप पुढील ठिकाणी आढळते: कडब्याच्या गंजीआड, कालव्याच्या बाजूच्या वेड्या बाभळीत, आणि वाटणीत कोणाच्याच हिश्शाला न आलेल्या पडवीत. जवळ जाताना काठी न्यावी. ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबडी खुडूक बसलेली असते आणि डॅशबोर्डमागे धामण असू शकते. दोघींचाही ताबा कायदेशीर नसला तरी वहिवाटीचा आहे.

मालकाला जीपबद्दल थेट विचारू नये. आधी पाण्याच्या पाळीचं विचारावं, मग तोडीचं, मग चहा होतो. कप खाली ठेवताना सहज म्हणावं, “आबा, ती गोठ्यामागची जीप कुणाची?”

“कोंची? ती व्हय? आपलीच की. चालू हाय.”

हा शब्द नीट समजून घ्यावा. पश्चिम महाराष्ट्रातली प्रत्येक पडीक जीप चालू असते. तिच्या पुढच्या चाकातून बाभूळ वर गेलेली असली, रेडिएटरला गांधीलमाश्यांचं पोळं असलं, तरी ‘फकस्त बॅटरी उतरलीया.’ यावर वाद घालू नये. दुसऱ्या फेरीत कळतं की जीप विकायची नाही, कारण ती थोरल्या बंधूंची आठवण आहे. तिसऱ्या फेरीत आठवणीचा भाव कळतो, आणि तो भंगाराच्या भावाच्या बराच वर असतो. तो द्यावा. भंगारात अँगल, पाइप आणि ‘जय मल्हार’ यांची किंमत धरलेली नसते.

पैसे देण्याआधी मात्र कागद. इथे मार्गदर्शिका हसत नाही. आरसी बुक स्वर्गवासी आण्णांच्या नावावर निघतं, आण्णांना तीन मुलगे व दोन मुली, आणि धाकटी मुलगी कराडला. गाडी आधी वारसाच्या नावावर चढते, त्याचा फॉर्म ३१. नंतर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. बाकीच्या वारसांची संमती लागते. संमती द्यायला जमलेल्या भावंडांना तेवढ्यात विहिरीचा जुना विषय आठवतो. त्याला मार्गदर्शकाचा इलाज नाही. बारामतीला एमएच-४२ मिळाल्याच्या कितीतरी आधीची ही तीन अक्षरी नंबराची गाडी. तेव्हा मूळ नोंदीसाठी पुण्याच्या आरटीओत खेटे घालायची तयारी ठेवावी. इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’ अशी नोंद आहे का ते पाहावं. जुन्या काळी इंजिन बदलल्यावर काही जण शहाण्यासारखी ती करून घेत. बाकीच्यांची जीप कागदावर आजही पेट्रोल पिते.

आणि चॅसी नंबर. मेस्त्री गंज काढायला ग्राइंडर हातात घेईल त्याच्या आधी आपण रॉकेलचा बोळा घेऊन तो नंबर शोधावा, फोटो काढावा, त्यावर ग्रीस लावावं आणि पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहावं: हात लावू नये. नंबर ग्राइंडरखाली गेला की गाडी राहते आणि तिचा जन्मच पुसला जातो. मग कुठल्याही साहेबापुढे तुमची जीप आणि चोरीची जीप यांत फरक उरत नाही.

जीप बाहेर काढण्याच्या दिवशी ट्रॅक्टर एक आणि माणसं तीन पुरतात. चाळीस येतात. प्रत्येकाचं ओढण्याचं शास्त्र वेगळं असतं. बंपरला साखळी बांधा असं जो सांगेल त्याला पाणी आणायला पाठवावं. बंपर हातात येतो. साखळी चॅसीला, आणि ओढण्याआधी चाकं फिरतात का ते पाहायचं. ब्रेकशू ड्रमला धरून बसलेले असतात. ड्रमवर लाकडाआडून हलके ठोके द्यावेत आणि धीर धरावा.

गाडी घरी आली की पहिलं काम इंजिन चालू करणं नव्हे. पण गाव तेच सुचवतो. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये टाकून ओढा, धरंल, असं म्हणणारा अनुभवी माणूस प्रत्येक आळीत असतो. गंजून धरलेल्या पिस्टनला असा हिसका बसला की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोलचं इंजिन असेल तर प्लग काढावेत, मॅटाडोरचं असेल तर नोझल. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतावं आणि विसरून जावं. काही आठवड्यांनी पुढून हँडल घालून थोडं मागं, थोडं पुढं. जोर करायचा नाही. हा काळ ब्रेकला द्यावा: व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाइप सगळं नवं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतंच, ते अख्खं टाकून द्यावं. पेट्रोलच्या टाकीला मात्र वाफ पूर्ण निघेपर्यंत वेल्डिंगवाल्याच्या जवळही नेऊ नये.

गंज हा खरा विषय, आणि त्यात आपला भाग जगाच्या पुढे आहे. गंजलेले सुटे भाग मळीच्या पाण्यात बुडवून ठेवणं ही परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांची जुनी युक्ती आहे. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, दोनतीन आठवडे. मळीतले घटक गंज धरून सोडवतात, खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. बिचारे ते लोक दुकानातून डबे विकत आणतात. इथे एका अंगाला सोमेश्वर, दुसऱ्या अंगाला माळेगाव, पलीकडे भवानीनगरचा छत्रपती. मळीच्या सागरात आपण राहतो. अडचण एवढीच, की मळीपासून काय काय निघतं हे सरकारलाही ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. बिजागऱ्या भिजवायला हवी आहे हे खरं कारण ऐकून साहेब फार खूश होतील असं नाही. गुऱ्हाळावरची काकवी चालेल, पण तिचा भाव पाहता बिजागरी नवी घेणं बरं. मळीची टाकी घरापासून लांब ठेवावी. वास आणि मुंग्या दोन्ही येतात. ॲल्युमिनियमचा भाग आणि कार्बोरेटर चुकूनही त्यात टाकू नये, तो विरघळू लागतो.

दुसरीकडे हाच ऊस उलटा वारही करतो. मूळ पेट्रोल इंजिन शाबूत मिळालं असेल त्या भाग्यवंतांनी ध्यानात घ्यावं की पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि पॅकिंग यांना ते सोसत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच जीपची नळी खातो. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. कारखान्याला ऊस घालणं थांबवावं, असा या परिच्छेदाचा अर्थ कोणी काढू नये.

कामाचा हंगाम सांभाळावा. गाळप सुरू झालं की भागातला प्रत्येक मेस्त्री, वेल्डर आणि लेथवाला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या पाठी असतो. दिवाळीला गॅरेजात सोडलेल्या जीपवर पट्टा पडेपर्यंत पाना लागत नाही, फक्त जेवणाचे डबे ठेवले जातात. खर्च घरात रुपयांत सांगू नये, टनांत सांगावा. ‘गिअरबॉक्सला चारपाच टन गेले’ हे ऐकायला शेतीचं वाटतं. सुट्ट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार, नाना पेठ, आणि अगदीच निकड असेल तर मुंबईत कुर्ला. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे जाताना मेस्त्रीला बरोबर न्यावं आणि त्याला आवडलेली प्रत्येक वस्तू घेऊ नये.

आता रंग, म्हणजे भांडणाची जागा. बॉनेटचा हाताच्या पंजाएवढा तुकडा ओल्या पॉलिश पेपरनं हळूहळू घासून पाहावा. वर बदामी. त्याखाली पोपटी, ब्रशनं मारलेला, केस अडकलेले. त्याखाली निळा, आणि निळ्यावर पुसट पांढऱ्या अक्षरांची टोकं: कुठल्या तरी पॅनेलचं चिन्ह आणि ‘प्रचंड बहुमतांनी’मधला ‘प्रचं’. त्याच्याखाली लाल ऑक्साइड. सगळ्यांत खाली, आठ आण्याच्या नाण्याएवढा, कंपनीचा हिरवट रंग. इथे शौकीन माणूस ओरडतो, “सापडला! ओरिजिनल!” आणि दुसऱ्या दिवशी सगळं ब्लास्टिंगला पाठवतो. पातळ पत्रा ब्लास्टिंगच्या उष्णतेनं आणि माऱ्यानं लाटा घेतो, हा एक तोटा. मोठा तोटा असा, की कंपनीत जीपनं काही आठवडे काढले असतील. बाकीचं सारं आयुष्य तिनं निळ्या, पोपटी आणि बदामी रंगांत काढलं.

या मोहाला कायद्यानंही खतपाणी घातलं आहे. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज ठरते. वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. म्हणजे सन्मान हवा असेल तर मॅटाडोर काढा, बाकडी काढा, अँगल कापा, आणि एवढं करून बाजाराला जायचं ते मोटारसायकलवर. उलट बाजूनं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम उभं आहे: कंपनीनं ठरवलं त्याहून वेगळा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. आपली जीप या दोन्हींच्या मध्ये. व्हिंटेज व्हायला फार बदललेली आणि बदल मान्य व्हायला फार जुनी.

या मार्गदर्शिकेचा निवाडा असा. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा ती राजासाठी बनवून घेतलेली गाडी म्हणून लोक बघतात. जर्मनीतल्या कारखान्यात ती आधी कशी दिसत होती याची चौकशी कोणी करत नाही. आपल्या जीपला तोच न्याय लावावा. जो बदल आरसीवर चढलेला आहे किंवा साहेबांकडून रीतसर चढवून घेता येतो तो ठेवावा. जो बदल जिवावर येईल, जसं की अर्धवट वेल्डिंगनं लांबवलेली चॅसी, तो काढावा, आणि ती चॅसी चांगला फिटर तपासेपर्यंत गाडी रस्त्यावर घालू नये. टोकदार अँगल समोरच्याला लागेल असा असेल तर कापावा. बदामी रंग राहू द्यावा आणि ‘प्रचं’चा तो पंजाएवढा तुकडा वार्निश मारून तसाच उघडा ठेवावा. कोणाचं पॅनेल होतं यावर चहाच्या टपरीवर एकमत होणार नाही, पण गिऱ्हाईक हलणार नाही.

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, विमाही काढावा. गोठ्यामागे अशी जीप असलेल्या सर्वांना विनंती, की विकायची असो वा नसो, भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा राहण्याआधी आरसी बुक कुठल्या ट्रंकेत आहे ते शोधून ठेवा आणि चॅसी नंबरचा एक स्वच्छ फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.