कुंपणाबाहेरचा ब्रूनो

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणापाशी. कोपऱ्यावरच्या वहिनी वेळासहून आल्या. काल गाडी धुवायला काढली, तर नुसत्या पायपुसण्यांतून एवढी वाळू निघाली की दिवाळीचा किल्ला झाला असता.

जाताना काय तोरा! "आम्ही ना, अगदी रिमोट बीचला चाललोय. ब्रूनोला मोकळं धावायला हवं." धावायला म्हणे. इथे तो सोफ्यावरून उतरायचे कष्ट घेत नाही... जाऊ दे, मुक्या जिवाला कशाला बोला.

तर काय सांगत होते? हां, बागमांडल्याची फेरीबोट. खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं, तीच. बोटीचा तो लोखंडी पत्रा धाडकन आपटला आणि पस्तीस किलोचा ब्रूनो थेट वहिनींच्या सासूबाईंच्या मांडीत! हे मला खुद्द सासूबाईंनी सांगितलं, भाजीच्या गाडीपाशी. वहिनींना विचारा, म्हणतील, "त्याने बोट खूप एन्जॉय केली."

बरं, महिना तरी बघायचा. मार्च! मार्चमध्ये वेळासला माणूस कशाला जातो? कासवं बघायला. सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी २००२ मध्ये तिथली अंडी राखायला घेतली, आता तर कासव महोत्सव भरतो. आणि यांना तिथे रिकामा किनारा हवा होता! सुरूच्या बनातून बाहेर आल्या, तर दोरीमागे ही माणसं, कॅमेरे, खांद्यावर पोरं. त्यात ब्रूनोला कुर्ली दिसली. झालं. पट्टा सुटला, आणि पठ्ठ्या वाळू उकरायला लागला की हो! कुठे? तर त्या जाळीच्या कुंपणाला लागून.

आता ती जाळी कशासाठी? मादी रात्रीची येते, शंभर-सव्वाशे अंडी वाळूत पुरते आणि समुद्रात निघून जाते, मागे वळून बघत नाही. मग गावची माणसं ती अंडी आणून जाळीच्या आत पुरतात. कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून वाचावीत म्हणून. कुत्र्यांपासून हो!

तिथला राखणदार आला. आवाज चढवला नाही हं, नुसतं म्हणाला, "ताई, कुत्रा आधी गाडीत न्या."

वहिनी म्हणाल्या, "अहो, हा काही करत नाही. फ्रेंडली आहे."

तो म्हणतो, "ते तुम्हाला ठाऊक. अंड्यांना कुठे ठाऊक?"

दोरीमागची सगळी माणसं वळून बघायला लागली. वहिनींचा चेहरा म्हणे असा उतरला, असा उतरला... सासूबाईंनी करूनही दाखवला, हातात दोडका धरून. हसायचं नाही म्हटलं तरी...

मग काय, यजमान आणि वहिनी गाडीत ब्रूनोला धरून बसले, काचा अर्ध्या खाली. इकडे सहा वाजता अंड्यांच्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या. बिस्किटाएवढी पिल्लं, वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली. एक लाटेने उलटं झालं, परत सरळ झालं, परत निघालं. सासूबाई सांगताना मध्येच गप्प झाल्या बघा. भाजीवाला दोडक्याचे पैसे मागत होता, तेही ऐकू गेलं नाही त्यांना.

आणि सकाळपासून वहिनींच्या स्टेटसवर कोणता फोटो आहे सांगा? पिल्लू आणि लाट! खाली लिहिलंय, "डोळ्यांनी पाहिलेला क्षण." जरा झूम करून बघा. डावीकडच्या कोपऱ्यात सासूबाईंचा अंगठा आलाय.

मी हार्ट पाठवलंय हं.