मागचे पाटे, पुढची चाकं

मालवाहू गाडीला मागे जादा पाटे टाकले की अलाइनमेंट करावं लागतं का, याचं उत्तर तुम्ही कोणाच्या दुकानात चहा पिताय त्यावर ठरतं. पाटेवाला मिस्त्री म्हणतो, "काम मागचं, पुढच्या चाकांचा काय संबंध?" समोरच्या अलाइनमेंटवाल्याने मशीन कर्ज काढून घेतलंय. तो म्हणतो, "केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नका." टायरवाला गप्प बसतो. झिजले तर त्याचं कुठे काय जातंय?

आमचे दाजी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतात. २००५ साली आलेला टाटांचा 'छोटा हाथी' पाऊण टनाचा. दाजींचा हिशोब क्रेटचा. गाडी मागे बसायला लागली, तसा त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक पाटा चढवला. आता रिकामी गाडी मतं मागायला आलेल्या उमेदवारासारखी पुढे वाकून उभी असते. हेडलाइट थेट समोरच्या खड्ड्यात. ती एक सोयच म्हणायची.

या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल सलग. तिथे अलाइनमेंटवाल्याने फिरवावा असा एकही नट नाही. पुढे टाय-रॉड फिरवून टो जुळवता येतो, पण मागे पाटा टाकल्याने तो बिघडत नाही. मागून उचलल्यामुळे पुढचा कॅस्टर जरा कमी होतो, स्टेअरिंग चंचल वाटतं. माल भरला की गाडी पुन्हा सपाट. आणि दाजींची गाडी रिकामी असते कधी?

खरी गोम सेंटर बोल्टात आहे. पाटे एकत्र धरणाऱ्या या बोल्टाचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसावं लागतं. पाटा वाढला की जुना बोल्ट आखूड पडतो. डोकं भोकात न बसवताच यू-बोल्ट आवळले, तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी खेकड्याच्या वळणावर जाते. मग नुसत्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट कितीही करा. आकडे बरोबर, गाडी तिरकी.

शेवटी स्टेअरिंग सरळ ठेवून टेप लावला: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. एक टोक दाजींकडे, एक माझ्याकडे, आणि मतं जमलेल्या गर्दीकडे. मापं जुळली. अलाइनमेंटवाला चहाचे पैसे न देताच उठला.

तेव्हा आधी टेप लावा. मापं जुळली, गाडी ओढत नाही, टायर एका कडेने झिजत नाहीत, तर पैसे खिशातच राहू द्या. नाही जुळली, तर आधी सेंटर बोल्ट बघा, अलाइनमेंट नंतर. आणि पाटा वाढला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. दाजी हे वाचणार नाहीत. ताईने वाचून दाखवावं.