गंज

'गंज' या दोन अक्षरांत केवढा संसार मावतो बघा. शेतात कडब्याची असते ती गंज, आई ज्यात वरण शिजवते तो गंज, आणि शहागंज तर आख्खा बाजारच. चौथा गंज नानांच्या मोटारसायकलवर चढला होता. परवाच्या रविवारी यातले दोन मी एकत्र आणले आणि घरात रामायण झालं.

गाडी कावासाकी बजाज, केबी-100. वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, पुढच्याच वर्षी ही गाडी बाजारात आली आणि आमच्या गल्लीला जपानशी सोयरीक जुळल्यासारखं वाटू लागलं. नानांनी ती 1990 साली घेतली. नंबर एमएच-20. शहराचं नाव बदललं, नंबर तोच राहिला. मित्र तिला 'विंटेज' म्हणतात, सरकार म्हणत नाही. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटल्याशिवाय तो मान मिळत नाही. म्हणजे कागदोपत्री बाई अजून तरणीताठी, फक्त सांधे धरलेत.

ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे लोखंडाला गंजायला पाणी मिळालं कुठून, हे कोडं मान वर केल्यावर सुटलं. जिन्याखाली गाडी, वर खिडकीत कूलर. नाना गेल्यापासून दर उन्हाळ्यात थेंब थेंब अभिषेक चालू होता.

पैठण गेटजवळच्या चाचांनी एका बोल्टला पाना लावला आणि लगेच काढून घेतला. "साब, जंग से जंग नै करना. डीजल पिलाओ, दो दिन सोने दो." चाचांचं खरं होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे नट-बोल्ट फुगून एकमेकांना मिठी मारून बसतात. जोर केला की बोल्टची मानच तुटते. एकाची मी तोडली. चाचांना सांगितलं नाही.

मडगार्डवरचे तांबूस ठिपके पोळ्या गुंडाळायच्या चांदीने गेले. तिचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा, बस. काही ठिकाणी मात्र घासावं तसे खड्डे दिसू लागले. क्रोमचा थर अगदी पातळ, खाली निकेल, त्याखाली लोखंड. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी शिरतं आणि आतल्या आत पोखरत जातं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

उरला बारीकसारीक ऐवज: वायसर, स्प्रिंगा, स्टँडची पिन. देवाची भांडी चिंचेने निघतात, मग हे का नाही निघणार, म्हणून स्टीलच्या गंजात चिंचेचा कोळ केला आणि सगळं त्यात भिजत घातलं.

"गंजात काय घातलंस रे?" आई.

"गंज."

तिने झाकण उचलून पाहिलं. मला वाटलं, आता उद्धार होणार. तर म्हणाली, "चिंच कमी पडायली."

पहिली खेप धुऊन उन्हात ठेवली आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर सगळ्यावर पुन्हा नारिंगी झाक! उघडं पडलेलं ओलं लोखंड चहा संपेपर्यंतसुद्धा दम धरत नाही. दुसऱ्या खेपेला खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढून, फडक्याने कोरडं करून लगेच तेलाचा हात फिरवला. लहान बाळाची अंघोळ परवडली.

संध्याकाळी आई भंगाराच्या ढिगापाशी उभी. "माझी जाळी इथं कशी?"

साडी गार्ड. सगळ्यात जास्त तेच सडलं होतं, शिवाय हल्लीचे शौकीन ते काढूनच टाकतात. "आता मागे साडी नेसून कोण बसणारे?" मी म्हणालो.

"मी."

जाळी उचलून तिने एका वाकड्या गजावर बोट ठेवलं. "हा पाणचक्कीपाशी वाकला. पदर अडकला, मी ओरडायले, आणि ह्यांना वाटलं हॉर्न वाजायलाय. हा सरळ करू नको. नुसती घास."

मग स्वतःच तिने जाळी गंजात घालून पाहिली. अर्धी बाहेरच राहिली.

"मोठा गंज माळ्यावर आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नातला. उतरव."