संघर्ष पाहिजे

पुण्यातल्या सुखवस्तू घरांत गणपतीच्या सुमारास आता आणखी एक शोध सुरू होतो. घरात पैसा आहे, गाडी आहे, बारावीतला हुशार मुलगा आहे. नाही तो फक्त संघर्ष. आणि तो १ नोव्हेंबरच्या आत लागतो, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या 'अर्ली' अर्जांची मुदत तीच. 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जावर निबंध लिहायचा, किमान २५० शब्द, कमाल ६५०. विषय सात दिलेले असतात, पण सगळे फिरून एकच विचारतात: बाळा, तू कोण? बाळाला काय ठाऊक! आजवर त्याच्या वतीने सगळी उत्तरं आईच देत आलेली.

निबंधाची परंपरा आपल्याकडेही आहे की. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचं मनोगत, वठलेल्या झाडाची व्यथा. साऱ्या निर्जीव सृष्टीची दुःखं आपण गाइडातून पाठ करून मांडली. स्वतःचं आत्मवृत्त तेवढं परीक्षेला कधी आलं नाही. म्हणून निबंधाचा कोच लावायचा.

कोच आधी प्रोफाइल बघतो. टक्के उत्तम, रोबोटिक्स, तबल्याच्या परीक्षा. मग हळूच विचारतो, "घरात काही... घडलंय का?"

"नाही हो, देवाच्या कृपेने सगळं छान आहे."

कोचचा चेहरा पडतो. "आजोबा?"

"ठणठणीत! रोज पर्वती चढतात."

दोन्ही बाजूंना थोडं अवघडल्यासारखं होतं. शेवटी आईला आठवतं की, लॉकडाउननंतर चिरंजीवांनी कामवाल्या मावशींच्या मुलाला काही रविवार इंग्रजी शिकवलं होतं. कोच ताठ बसतो. तिसऱ्या मसुद्यापर्यंत त्या रविवारांची चळवळ झालेली असते. पाचव्या मसुद्यात कोच म्हणतो, "आता यात थोडा तुझा आवाज आणू या," आणि तोही तोच आणतो. शेवटी 'हे लेखन माझंच आहे' यावर मुलगा स्वाक्षरी करतो. ती मात्र खरोखर त्याचीच.

यात गैर काही नाही. गैर काय ते अमेरिकेने २०१९ मध्ये ठरवून दिलंय. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने कॉलेजप्रवेशासाठी श्रीमंतांच्या मुलांचे चेहरे खेळाडूंच्या धडांवर चिकटवून त्यांना वॉटरपोलोपटू केलं होतं. पुढे त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे मुलाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर लावलं तर गुन्हा. मुलाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं लावलं तर मार्गदर्शन.

ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये जाहीर केलं की, निबंधाला गुण देणं त्यांनी बंद केलंय. सल्लागार आणि चॅटजीपीटी यांच्या गर्दीत विद्यार्थी सापडेना. इकडे कोचांनी त्याचीही सोय केली म्हणे: निबंध मशीनने लिहिल्यासारखा वाटू नये म्हणून मधे एखादी चूक पेरून देतात. चुकीचे पैसे वेगळे.

मावशींच्या मुलानेही यंदा अर्ज भरला, इंजिनिअरिंगच्या 'कॅप' म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा. तिथे निबंध नसतो. फीसवलत हवी तर गरिबीवर तहसील कार्यालयाचा शिक्का लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहिला, तर सर्व्हर डाउन. दुसऱ्या दिवशी सर्व्हर होता, साहेब नव्हते. अर्ज एकदाचा चढला. तेव्हापासून त्याचा संघर्ष 'प्रलंबित' दाखवतोय.