वाटपाह्या

थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार आणि मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणजे तिष्ठत राहणे. हे दोन्ही अर्थ ज्याच्या ठायी एकाच वेळी आणि भिजलेल्या बुटांसह एकवटतात, तो मे महिन्यात सहकुटुंब बँकॉकला जाणारा मराठी गृहस्थ होय. प्रस्तुत विवेचनात सोयीसाठी त्याला ‘वाटपाह्या’ म्हटले आहे. तो डोंबिवलीचा असतो, चिंचवडचा असतो, क्वचित नाशिकचाही असतो. परंतु छातीवर आडवी लटकवलेली पासपोर्टची पिशवी, शर्टाच्या खिशातली चार घड्यांची कार्यक्रमपत्रिका आणि आभाळाकडे पाहण्याची संशयी नजर या लक्षणांवरून तो सुवर्णभूमी विमानतळाच्या गर्दीतही अचूक ओळखू येतो. तेथील समुद्रमंथनाच्या भव्य शिल्पासमोर त्याच्या कुटुंबाचे पहिले छायाचित्र निघते, आणि असुरांच्या बाजूला कोणी उभे राहायचे यावरून पहिला मतभेदही तेथेच होतो.

बँकॉकचा पर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा, म्हणजे हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात सुसह्य असते तेव्हाचा. त्या महिन्यांत मात्र मुलांची शाळा असते, स्नेहसंमेलने असतात आणि चुलत घराण्यातली लग्ने असतात. उलट मेमध्ये शाळेला सुटी असते आणि बँकॉकची हॉटेले दर उतरवून बसलेली असतात. उतरलेला दर वाटपाह्याच्या नजरेत भरतो. तो का उतरला, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. याच सुटीत इतरही सगळे निघालेले असल्याने विमानाचे भाडे चढलेले असते आणि हॉटेलात वाचलेला पैसा विमानात जातो, पण या दोन रकमा त्याच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिलेल्या असतात. येथे ‘वसूल’ या पारिभाषिक संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. एकदा पैसे भरले की ती गोष्ट आवडो न आवडो, ती शेवटपर्यंत उपभोगण्याची जी नैतिक जबाबदारी माणसावर येते, तिला वसूल म्हणतात. हॉटेलातील न्याहारी वाटपाह्या याच भावनेने करतो, आणि कलिंगडाची सातवी फोड उचलताना त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्याचे तेज असते.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने त्याची फजिती अटळ असते. एप्रिल हा बँकॉकचा सर्वांत तापदायक महिना. १३ ते १५ एप्रिल या काळात एकमेकांवर पाणी उडवून साजरे होणारे सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, होऊन गेले तरी उकाडा हटत नाही, आणि मेच्या मध्याला त्यात पावसाची भर पडते. ज्या मोसमी पावसाची केरळातील सरासरी तारीख १ जून मानली जाते, तो इंडोचायना द्वीपकल्पावर त्याआधीच पोचलेला असतो. म्हणजे जो पाऊस डोंबिवलीला घरबसल्या मिळायचा, त्याला वाटपाह्या विमानाचे तिकीट काढून सामोरा जातो. आणि ज्या उकाड्याला कंटाळून तो निघालेला असतो तोही तेथे असतोच, फक्त घामाला वाळण्याची मुभा नसते.

थाई भाषेत पावसाला ‘फोन’ म्हणतात (यातला ओकार आखूड उच्चारायचा). मार्गदर्शक मुलगी आभाळाकडे बोट दाखवून ‘फोन, फोन’ म्हणते, तेव्हा वाटपाह्या खिसा चाचपून ‘माझा सायलेंटवर आहे’ असे सांगतो, आणि पुढच्याच क्षणी तो फोन सर्वांना एकदम येतो. कोकणातली संततधार आणि हा पाऊस यांची जात निराळी. दुपार कलताना काळेभोर ढग उंच इमारतींवर टेकतात, तास-दीड तास पाऊस आडवातिडवा झोडपतो, आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर वसलेल्या या शहराच्या गल्ल्यांत पाणी साठवून निघून जातो. स्थानिक माणसे तेवढा वेळ काहीही करत नाहीत. नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकल-टॅक्सीवाले पुलाखाली गाड्या लावून बसतात, फळवाल्या गाडीवरची छत्री जरा खाली ओढतात, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर तक्रार नसते. नेमके हेच वाटपाह्याला सहन होत नाही. चोवीस तास उघड्या असणाऱ्या एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या छपराखाली उभा राहून तो दर चार मिनिटांनी हात बाहेर काढतो, ‘कमी झाला’ असे जाहीर करतो, दोन पावले जातो आणि परत येतो. उरलेल्या वेळात, २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ही माहिती तो शेजारच्या अनोळखी थाई माणसाला घराण्याचा पराक्रम सांगावा तशी सांगतो. तो माणूस हसतो, कारण थाई माणूस बहुधा हसतोच. वाटपाह्या त्या हसण्याची नोंद शरणागती म्हणून करतो.

पाऊस थांबल्यावर टॅक्सी मिळत नाही, म्हणून कुटुंब क्लोंग सेन सेपवरच्या बोटीत चढते. क्लोंग म्हणजे कालवा. या बोटींच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे असतात आणि समोरून दुसरी बोट आली की कडेच्या प्रवाशांनी दोऱ्या ओढून ते वर करायचे असतात, नाहीतर कालव्याचे पाणी तोंडावर येते. लोकल गाडीतली खिडकी पकडण्याच्या सवयीने वाटपाह्या कडेचीच जागा पकडतो आणि त्या दोरीचा आजन्म हवालदार होतो. पुढच्या वीस मिनिटांत त्याला कालवा दिसत नाही, पण आपल्यावाचून बोट बुडाली असती याबद्दल त्याची खात्री पटते.

राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केव हा त्याच्या सहलीचा कळस. तिकीट माणशी ५०० बाट. वाटपाह्या प्रत्येक किमतीला मनातल्या मनात अडीचने गुणतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काही क्षण समाधीसारखी अवस्था दिसते. १२० सेंटीमीटरहून बुटक्या मुलांना तिकीट नाही, हे वाचताच धाकट्याला गुडघे किंचित वाकवून चालण्याची सूचना मिळते. आतली मूर्ती पाचूचा बुद्ध म्हणून ओळखली जात असली, तरी ती हिरव्या जेड जातीच्या पाषाणाची आणि सुमारे ६६ सेंटीमीटर उंचीची आहे. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या क्रमाने, तिची सुवर्णवस्त्रे बदलली जातात आणि हा विधी राजाच्या हस्ते होतो. संस्कृतातला ‘ऋतू’ थाई भाषेत ‘रुदू’ होऊन नांदतो आणि तेथेही ऋतू तीनच मोजतात. मात्र पावसाळी वस्त्रे चांद्र पंचांगानुसार साधारण जुलैत चढतात, म्हणजे मेमध्ये बाहेर पाऊस कोसळत असताना गाभाऱ्यातील मूर्ती उन्हाळी वेषातच असते. छत्र्या घरी राहिल्याबद्दल सकाळपासून ऐकून घेणाऱ्या वाटपाह्याला हा धर्मशास्त्रीय आधार पुरेसा असतो. ‘बघ, देवाचंसुद्धा पॅकिंग चुकलंय,’ असे तो हळूच म्हणतो. ‘अहो, देव छपराखाली आहे,’ असे पत्नीचे उत्तर येते आणि या विषयावरील चर्चा थांबते.

आहाराविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण तो आहार बव्हंशी डोंबिवलीहूनच आलेला असतो. ‘नाम प्ला’ म्हणजे मासळीचा आंबवलेला रस. तो थाई स्वयंपाकात आपल्याकडच्या मिठासारखा सर्वत्र असतो, हे कळल्यापासून शाकाहारी सदस्य खाकऱ्यांवर असतात. थाई ‘जे’ जेवणात मांस-मासळी नसते, पण कांदा-लसूणही नसतो, तेव्हा सांडग्या मिरचीची पुडी सुटते. मे हा दुरियानचाही हंगाम. काटेरी सालीच्या या फळाच्या वासामुळे अनेक हॉटेलांत ते आणण्यास मनाई असते. कोकणी मूळ असलेला वाटपाह्या मात्र गाडीवाल्यासमोर उभा राहून तो कापा आहे की बरका, याची खुणांनी चौकशी करतो. चिकट भातावर नारळाचे दूध घालून दिलेला आंबा तो दोन वेळा मागवतो आणि दोन्ही वेळा ‘हापूसची सर नाही’ असा शेरा देऊन ताटली पुसून घेतो.

मुक्काम नेमक्या दिवशी पडला, तर हॉटेलच्या दूरचित्रवाणीवर त्याला नांगरणीचा राजसोहळा दिसतो. राजवाड्यालगतच्या सनाम लुआंग मैदानावर राजपुरोहित ब्राह्मणांच्या उपस्थितीत पवित्र बैलांकडून नांगर फिरवला जातो आणि नंतर भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी व मद्य यांपैकी बैल कशाला तोंड लावतात यावरून वर्षाचे भविष्य सांगितले जाते. वाटपाह्या ताडकन उठून बसतो. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याच्या हालचालीवरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात, तोच हा प्रकार, असे तो स्वागतकक्षातील मुलीला समजावतो. नांगरणीचा मानकरी तीन लांबींच्या वस्त्रांतून एक न पाहता निवडतो. आखूड निघाले तर पाणी भरपूर आणि लांब निघाले तर कमी, कारण पाण्यातून चालताना नेसूचे वर खोचावे लागते, अशी समजूत आहे. यंदा कोणते निघाले, हे त्या मुलीला इंग्रजीत सांगता येत नाही. वाटपाह्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटकडे पाहतो आणि पुढे विचारत नाही.

परतल्यावर त्याच्यात जो पालट होतो, तो या जातीचे सर्वांत ठळक लक्षण होय. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. तोवर डोंबिवलीत वीज जाते, पंखा थांबतो आणि बँकॉकहून आणलेल्या चार छत्र्या दारामागे लटकत राहतात. अशा संध्याकाळी वाटपाह्या शेजाऱ्यांना सांगतो, ‘तिकडे बघा, मेमध्येच येतो. तास-दीड तास शिस्तीत पडतो की मोकळा. नाहीतर आमचा!’ आणि बोलता बोलता गॅलरीच्या जाळीतून दर चार मिनिटांनी हात बाहेर काढून पाहतो.