उपाशीपोटी या

आरोग्य शिबिरातला सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे फ्लेक्स. डॉक्टर, औषधं आणि रुग्ण त्यानंतर, याच क्रमाने. पुण्यातल्या आमच्या मंडळात बँका, वीज मंडळ आणि शाळा-कॉलेजांतून सत्कार घेऊन निवृत्त झालेली माणसं आहेत. पेन्शन वेळेवर येत असल्याने समाजाचं ऋण फेडायची ऊर्मी त्यांना दर हिवाळ्यात येते. या खेपेला बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं एक कोरडवाहू गाव ठरलं. बैठक बसली. फ्लेक्सवर कुणाचा फोटो, केवढा, आणि अध्यक्षांच्या डाव्या हाताला की उजव्या, एवढ्यावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टर किती न्यायचे हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत निघाला आणि ‘माझा भाचा आहे की!’ या वाक्यावर मिटला.

तारीख धरली जानेवारीतल्या रविवारची. हवा चांगली असते आणि येताना हुरडा होतो. गावच्या आशा स्वयंसेविकेने, म्हणजे आशाताईंनी, फोनवर सांगून पाहिलं, “सर, आत्ता गावात कुणी न्हाई. टोळ्या कारखान्यावर गेल्यात. पाडव्यानंतर या.” पाडव्यानंतर ऊन फार, असा निर्णय सचिवांनी दिला.

आता या भागात मुकादमाची उचल घेतलेले कोयते (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता) दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि त्यांच्या गळ्यात घातलेली नातवंडं. आमच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘18 ते 45 वयोगटासाठी प्रतिबंधात्मक तपासणी’. त्या वयोगटातले गावात त्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई, आशाताई आणि फ्लेक्सवरचे मंडळाध्यक्ष, कारण त्यांचा फोटो जुना होता.

रक्तातली साखर तपासायची म्हणून ‘उपाशीपोटी या’ अशी दवंडी दिली होती. सकाळी आठला जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात बायाबापड्या येऊन बसल्या. एका आजींनी शेजारणीला विचारलं, “आज कंची एकादस गं?” तपासणी मात्र सुरू होईना, कारण उद्घाटन व्हायचं होतं, आणि उद्घाटन होईना, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. ते साडेअकराला आले, ते वाटेत नाश्ता करून. मग समई. वारा असा सुटला होता की पाच वाती मिळून एकदाही पेटल्या नाहीत. शेवटी फोटोपुरती एक पेटली. त्यानंतर पाहुण्यांनी ‘संतुलित आहार’ या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या श्रोत्यांना आहारावर इतकं एकाग्र झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझ्याकडे नोंदणीचं टेबल होतं. नाव लिहिणं सोपं, वय अवघड.

“आजी, वय?”

“लिव्हा की साठ.”

मागचा म्हातारा म्हणाला, “साठ तर तुझ्या थोरल्याचं झालं असंल.” आजी त्याच्यावर कडाडल्या आणि मग हिशेबाला बसल्या. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायला होत्या, तेव्हा थोरला झाडाखाली झोळीत होता आणि मधली पोटात होती. मी मनात गणित केलं आणि फॉर्मवर पंच्याहत्तर लिहिलं. आजींनी वाकून पाहिलं. अक्षरओळख नव्हती, पण आकडे येत होते. “लई लिव्हलं,” म्हणाल्या. मी सत्तर केलं. तिथे तडजोड झाली.

पुढच्या टेबलावर भाचेडॉक्टर. “काही खाल्लं नाही ना?”

“न्हाई.”

“चहा?”

“त्यो पेलाय, खाल्ला न्हाई.”

चहा पहाटे पाचचा, गुळाचा, आणि भाषण लांबल्यावर शेजारच्या घरी झालेला दुसरा. बोटाला टोचून थेंबभर रक्त काढल्यावर आजी जागच्या हलेनात. “आता सुई द्या.” गोळीवर तिकडे कुणाचा विश्वास नाही. सुई टोचली तर इलाज, आणि सलाईन लावली तर मोठा इलाज. आजारी पडू नये म्हणून तपासतोय, हे भाच्याने समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन जाहीर केलं, “रगत घेत्यात, सुई देत न्हाईत. कशाला आलेत कुणास ठाऊक!” माझ्या मते संपूर्ण दिवसातलं सर्वांत नेमकं भाषण ते.

छापील आहारपत्रकही वाटलं. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होतं, आणि ‘दररोज किमान तीस मिनिटे चालावे’ असा सल्ला होता. हे पत्रक ज्या बाईच्या हातात पडलं ती हापशावरून हंडा घेऊन येता येता शिबिरात डोकावली होती. तिने ते चार घड्या घालून हंड्याखालच्या चुंबळीत खोचलं.

शिबिरातलं एकच टेबल खरोखर चाललं, ते चष्म्याचं. अक्षरांचा तक्ता तिथे निरुपयोगी ठरल्यावर नेत्रतपासनिसाने खिशातून सुई-दोरा काढला. एकेक आजी भिंग बदलत सुईत दोरा ओवून बघायची. दोरा गेला की तो नंबर. एकीचा दोरा पहिल्या झटक्यात गेला तेव्हा तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दोरा काढून परत ओवला. मग नातीला जवळ ओढून तिच्या डोक्यात उवा आहेत का ते बघायला घेतलं.

आशाताई दिवसभर कोपऱ्यात स्वतःची वही घेऊन उभ्या होत्या. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात भरलं (बाईचं बारा तरी हवं), तिला आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ‘नेक्स्ट’ म्हटलं. आशाताईंनी तिला बाजूला घेतलं. “चहासंगं घेऊ नको, लिंबू पिळून पाण्यासंगं घे. शौचाला काळं व्हईल, त्याला भिऊन गोळ्या फेकू नको.” रक्तदाब एकशेऐंशीवर गेलेल्या आजोबांना आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोळाव्या दिवशी काय, हे आमच्या नियोजनात नव्हतं. ते आशाताईंच्या वहीत होतं: उपकेंद्रातून गोळ्या आणून देणे.

आष्टीहून जामखेड जवळ. तिथे 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि गावातल्याच बाया, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे मिळालं. म्हणजे आम्ही पुण्याहून बसभर उत्साह घेऊन जे शिकवायला गेलो, ते त्या मुलखाला पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आजच्या आशाला हजारेक वस्तीमागे हेच काम असतं. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला.

मंडळाच्या अहवालात लाभार्थी चारशेच्या वर गेले. रक्तदाब, साखर, रक्त, डोळे अशा चारही टेबलांवर गेलेली एक आजी म्हणजे चार लाभार्थी. शाळेची पोरं बिस्किटाचे लाभार्थी, बसचा चालक रक्तदाबाचा. हुरडा फार छान होता, हेही अहवालात आहे.

पुढच्या हिवाळ्यात कुणाला अशी ऊर्मी आली तर त्याने आधी गावच्या आशाताईंना फोन करावा आणि त्या सांगतील त्या महिन्यात जावं. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे त्या वहीच्या हवाली करावेत. आणि पाहुणे बोलवायचेच असले तर त्यांनाही उपाशीपोटी बोलवा.