आमची कोठेही शाखा नाही

भांगरवाडीतल्या आमच्या मामांनी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे उभी नोकरी बसून काढली आणि निवृत्त झाल्यावर कलेच्या धंद्यात उतरत असल्याचं जाहीर केलं. नातेवाइकांत घरटी एक कार्ड आलं. जाड कागद, मोरपंखी रंग, सोनेरी कडा. वर ‘इंद्रायणी शिलाकला’, त्याखाली ‘संस्थापक व व्यवस्थापकीय संचालक’ म्हणून मामांचं नाव, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’.

“अहो, शाखा नाही हे खरंच,” मामी म्हणाल्या, “पण दुकान तरी कुठाय?”

“ते होईल गं. आधी नाव व्हायला लागतं.”

मामांचं सगळं धंदाशास्त्र या एका वाक्यात आहे. चिक्कीच्या गावात हयात गेल्यामुळे पाटीवर त्यांची अपार श्रद्धा. माल काय, कुणीही करतो. ‘ओरिजिनल’ हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला, ते विचारा! शिवाय चिक्कीला मोठं रेल्वेनं केलं, असं त्यांचं ठाम मत आहे. घाटात रूळ टाकणारे मजूर गुडदाणी खायचे, तिथून ती गाडीत आली आणि गाडीतून मुंबईला गेली, असं लोणावळ्यात सांगतातच. मामा ते अशा थाटात सांगतात की पहिलं पाकीट त्यांच्याच खिडकीतून गेलं असावं.

आता कलेविषयी. ती मामींची. कार्डावर त्यांचं नाव नाही, कारण ‘संचालक मंडळ पुढच्या टप्प्यात’.

मामींचं माहेर कुरवंड्याचं, इंद्रायणी उगम पावते तिथलं. नदीतले गोटे गोळा करायची सवय लहानपणापासूनची. दुपारची झाकपाक झाली की त्या एक गोटा घेऊन ओट्याशी बसतात आणि तो हातात फिरवत राहतात. बराच वेळ काही होत नाही. मग म्हणतात, “यात कोंबडी बसलीय.” आपल्याला दगडच दिसतो. त्या आधी पांढरा हात देतात, तो वाळला की कडेनं तपकिरी. नेलकटरनं कातरून चार केसांवर आणलेल्या ब्रशानं एकेक पीस काढतात आणि शेवटी आगपेटीच्या काडीचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून डोळ्यात एक ठिपका. तो ठिपका पडला की कोंबडी आपल्याकडे बघायला लागते. खोटं नाही सांगत, मी एकदा दचकलो आहे.

मामांनी या कोंबड्या, कासवं, घुबडं वर्षानुवर्षं खिडकीच्या कठड्यावर पाहिली होती. नोकरीत असताना त्यांचं मत एवढंच होतं की पाय ठेचकाळतो. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांना त्यात उद्योग दिसला. उद्यम पोर्टलवर नोंदणी केली. ती फुकट होते, पण प्रमाणपत्राच्या फ्रेमला पैसे पडले. आता दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी ‘सूक्ष्म उद्योग’ लावलेला आहे. पाहुण्यांना आधी तो दाखवतात, मग चहा.

मामांना हिणवायची सोय नाही, कारण त्यांच्याकडे दाखले तयार असतात आणि ते सगळे मावळातले. पहिला दाखला कार्ल्याचा. चैत्यगृहातल्या एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीनं कोरून ठेवलंय की आपण पुरं केलेलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. “दोन हजार वर्षांपूर्वी! अख्ख्या जंबुद्वीपात! लोकांनी म्हणेपर्यंत थांबला का तो?” धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं दरवाजा केला, तर त्यानंही बापाच्या नावासकट ते लिहवून घेतलं. “याला म्हणतात ब्रँडिंग.”

“पण त्यांनी आधी कोरलं, मग लिहिलं ना?” मामी गवार निवडता निवडता विचारतात. मामा पुढच्या दाखल्याकडे वळतात.

दुसरा दाखला मळवलीचा, आणि तो खरोखर भारी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो मळवलीला हलवला. घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या या गवताळ स्टेशनाच्या अंगणात छापून निघत होत्या. शिळाछापाचं काम, रंगागणिक वेगळा दगड, आणि एक दगड केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर. “म्हणजे धंदा दगडावरचाच. त्यांना यंत्रं आणि माणसं जर्मनीहून आणायला लागली. आपला दगड इंद्रायणीतला, माणूस घरातलं. भांडवल शून्य!”

“मग पुढं काय झालं त्या छापखान्याचं?”

“पुढं म्हणजे… श्लायशर म्हणून जर्मन तंत्रज्ञ होता, त्याला विकला.”

“का हो?”

“कर्ज झालं होतं थोडं.”

मामा हे ‘थोडं’ फार हळू म्हणतात. श्लायशरनं तोच छापखाना चालवून दाखवला आणि पुढे १९७२ साली तो आगीत गेला, हा भाग ते सहसा सांगत नाहीत. त्याऐवजी तिसरा दाखला काढतात: दादासाहेब फाळके. तेही रविवर्मा प्रेसच्या कामाशी जोडलेले होते, लोणावळ्यातच त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, नंतर दादरला नेला, आणि मग १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. मामींना फाळक्यांविषयी एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे. सिनेमापायी सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. फाळक्यांचं नाव निघालं की मामींचा हात आपोआप पाटल्यांवर जातो.

धंद्याला खरा अडसर आला तो लोणावळ्याच्या हवेचा. इथं गिऱ्हाईक येतं पावसात. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर मुंबई आणि पुणं एकमेकांच्या मांडीवर बसतात ते जुलैत. आणि जुलैत लोणावळ्यात काहीही वाळत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, मामांच्या कार्डांच्या गठ्ठ्याला सुद्धा हिरवी कड आली. उन्हाळ्यात रंग चटकन वाळतो, पण तेव्हा घ्यायला कुणी नाही. शेवटी मामींनी शेगडीवर टोपली उपडी घातली आणि कपड्यांबरोबर घुबडंही वर मांडली. दगडांना धुराचा वास लागला. मामांनी त्याच रात्री स्टेटस ठेवलं: ‘पारंपरिक धूरसंस्कारित कलाकृती’. सतरा जणांनी अंगठा दाखवला, त्यातले अकरा सोयरे होते. (विकत कुणीच घेतलं नाही. सोयऱ्यांना माल भेट मिळायची सवय असते. माझ्याकडेच तीन कासवं आहेत.)

मध्यंतरी मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळवायचा बेत झाला. तिथं बचत गटाच्या बायका लागतात असं कळल्यावर मामांनी मामींना गटात जायला लावलं. मामी गेल्या, तिथं लोणच्यात रमल्या, आणि तो विषय संपला.

मग ठरलं भाजे. लेण्यांच्या पायथ्याशी, लोहगड-विसापूरकडून उतरणारी गर्दी मळवली स्टेशनची लोकल पकडायला जाते त्या वाटेवर. रविवारी मी सोबत गेलो. मामांनी आणलेला बॅनर टेबलापेक्षा दुप्पट होता; तो बांधायला दोन झाडं लागली, त्यातलं एक दुसऱ्याच्या हद्दीत. त्यावर कोपऱ्यात एक कासव आणि मधोमध मामा.

बॅनर बांधून होईपर्यंत मामा अत्यंत प्रसन्न होते. घोळ झाला गिऱ्हाईक आल्यावर.

भिजलेल्या रेनकोटातली एक मुलगी थांबली. “काका, हे घुबड केवढ्याला?”

आणि माझ्या डोळ्यांदेखत मामांच्या अंगात तिकीट खिडकी आली. मान खाली गेली, आवाज सपाट झाला. “किती?”

“एकच.”

“सुट्टे द्या.”

“ऑनलाइन चालेल ना?”

“नेट नाही.” नेट होतं. मुलीनं बिचारीनं पर्स उलटीपालटी करून पैसे जुळवले. मामांनी नोट उजेडात धरून पाहिली, घुबड सरकवलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “पुढचा!”

पुढचा कुणी नव्हता. जो आला त्यानं विचारलं, काही कमी होईल का. “भाडं ठरलेलं आहे,” मामा म्हणाले. त्याच्यामागून गुडघ्यापर्यंत चिखल झालेला एक पोरगा आला. “काका, आत्ता लोहगड उतरलोय. आता सॅकमध्ये दगड भरून घरी नेऊ?” यावर मामांनी त्याला भूतपाल शेठजी सांगितला. पोरगा लोकल चुकण्याच्या भीतीनं पळाला, हे मात्र मी स्वतः पाहिलं.

शेजारी कणसाची गाडी होती. वाऱ्यानं तिची ताडपत्री सारखी फडफडायची. गाडीवालीनं मामींना हाक दिली, “ताई, तेवढं मोठं कासव द्या की, ताडपत्री उडाय लागलीया.” मामींनी एक सोडून दोन दिली. बदल्यात दोन कणसं आली, मीठ-मिरची चोळून. मामांनी वहीत ‘विनामूल्य: २’ असं लाल शाईनं लिहिलं.

आमच्या टेबलावरच्या मांडणीकडे कुणी ढुंकून बघेना, आणि ताडपत्री दाबून बसलेली कासवं मात्र येईल त्याला दिसू लागली. कणीस खाता खाता माणूस रिकामाच असतो. “मावशी, हे कासव विकायचंय?” गाडीवालीनं भट्टीतले निखारे हलवत, मान वर न करता किंमत सांगितली. मामांच्या दरापेक्षा शंभरानं जास्त. “ताईनं हातानं केलंया. पानी पडलं तरी रंग जात न्हाई, बगा की, सकाळधरनं पावसातच हाय.” कासव गेलं. ताडपत्री उडाली. दुसरं गेलं. तिनं मामींना पैसे दिले, स्वतःचे शंभर-शंभर ठेवून घेतले आणि पुढच्या रविवारी आठ आणायला सांगितली. “घुबडं नकोत. घरात ठेवत न्हाईत लोक.”

मामी बोटांवर हिशेब करू लागल्या, आठ कासवं शेगडीवर मावतील का. मला वाटलं, मामा आता खट्टू होतील. छे! ते हातगाडीसमोर उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. “एवढं चांगलं कणीस, आणि बाईच्या गाडीला साधं नाव नाही,” ते मला म्हणाले आणि खिशातून टेप काढून गाडीची लांबी मोजू लागले.

“दादा,” गाडीवाली म्हणाली, “जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक थांबलंय.”